तीन आत्यांचा जिल्हा

आमच्या आबाजींनी तीन मुली तीन मुलखांत दिल्या. मोठी वणीकडे, मधली दारव्ह्याकडे आणि धाकटी पार पैनगंगेच्या काठाला, उमरखेडकडे. आम्ही राहायचो कळंबजवळ, म्हणजे यवतमाळच्या अंगणातच. एवढ्यात आमचा सारा जिल्हा बसायचा. शाळेत गुरुजी भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत ‘ही वर्धा, ही पैनगंगा’ म्हणत, तेव्हा बाकीची पोरं नद्या पाठ करत आणि मला मोठ्या आत्याकडची आंबाडीची भाजी नि धाकटीकडचा उसाचा रस आठवे. भूगोलात मला कधी कमी गुण पडले नाहीत, त्याचं श्रेय आबाजींनी जुळवलेल्या सोयरिकींना.

मुलगी देताना आबाजी तीन गोष्टी बघत, असं आजी सांगायची. माती कोणती, विहिरीला पाणी किती हातांवर, आणि सासू बोलते कशी. तिसरीची चौकशी आजीकडे असे. ती बाजारात येणाऱ्या बायांकडून काय कळायचं ते कळवून घेई. पहिल्या दोन गोष्टी आबाजी स्वतः जाऊन बघत. शेतातलं ढेकूळ हातात घ्यायचं, फोडायचं, नाकाशी न्यायचं. “घर काय, पडते अन् उठते. माती पाहा आधी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठ्या आत्याच्या वेळी त्यांनी माती पाहिली ती वरची. तिच्या खाली काय आहे ते पाहायची रीत तेव्हा नव्हती.

आबाजींचा जन्म वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्या सुमाराचा, म्हणजे १९०३च्या आगेमागे. नेमकी तारीख कुणाजवळच नव्हती. आजीच्या हिशेबात ते ‘प्लेगाच्या नंतरचे’, आणि त्यांच्या मोठ्या बहिणीच्या हिशेबात ‘त्या साली तीळ चांगले झाले होते’ तेव्हाचे. मुळात वऱ्हाड निजामाचं. १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामानं ते इंग्रजांच्या हाती दिलं, आणि नंतर कागदावर मालकी निजामाची अन् कारभार इंग्रजांचा, असं पुष्कळ वर्षं चाललं. आबाजी लहान असताना आमच्या जिल्ह्याचं नाव वणी होतं आणि कचेरी मात्र यवतमाळला. १९०५ मध्ये वऱ्हाडाची नव्यानं वाटणी झाली, वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका आमच्याकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ नाव मिळालं. उमरखेड तेव्हा पुसदमध्येच. त्यामुळे धाकटे जावई जेवायला बसले की आजी त्यांना ऐकवायची, “तुम्ही त मागून आलेले पाहुणे. आमच्या जिल्ह्यात जागा देल्ली तुम्हाले.” जावई बिचारे मान खाली घालून आणखी एक पोळी घेत.

आता मोठ्या आत्याकडे जाऊ, कारण सांगण्यासारखं तिकडेच जास्त आहे.

तिचं सासर वणीजवळ, राजूरच्या बाजूला. उन्हाळ्याच्या सुटीत बाबा आम्हाला तिकडे न्यायचे. वणीच्या पुढे गेलं की जमिनीचा रंगच फिरायचा. आमचा जिल्हा बहुतेक काळ्या कातळाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कातळ पूर्वेकडे सरकता सरकता विरळ होतो आणि त्याच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने गोंडवनी थर उघडे पडतात. त्यांत दगडी कोळसा. शेजारीच चुनखडी. हे सगळं मला पुढे पुस्तकांतून कळलं. आत्याला ते तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवरून कळत होतं. राजूरला एकीकडे चुन्याच्या भट्ट्या, दुसरीकडे कॉलरी. “एका वाऱ्यानं चुना, दुसऱ्या वाऱ्यानं कोयसा. लुगडं वायू घालाव त कोठी?” असं ती आल्या-गेल्याला विचारायची. राजूरच्या चुन्यानं आसपासच्या गावांतली घरं दिवाळीला पांढरी व्हायची, आणि आत्याची स्वतःची पडवी तेवढी करडी राहायची.

आमच्याकडे चुलीत पऱ्हाट्या जळायच्या. कापूस निघून गेल्यावर उरलेली ती झाडं भसकन पेटतात आणि भसकन विझतात. म्हणून आमच्या आईला चुलीजवळून हलता येत नसे. आत्याकडे मात्र सिगडी. सकाळी अंगणात पेटवायची, धूर ओसरला की आत आणायची, आणि मग दिवसभर तिच्यावर काहीतरी असायचंच. चहा, वरण, आंघोळीचं पाणी, पुन्हा चहा. कॉलरीत कामाला बाहेरून आलेली माणसं होती, कुणी तेलुगू बोलणारी, कुणी उत्तरेकडची. आत्याच्या शेजारच्या एका बाईकडून ती चिंचेचं आंबट वरण शिकली. आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. “पोरगी वणीले देल्ली न् तेलंग्याईचं खाऊ लागली,” म्हणायची, आणि मग दोन वाट्या प्यायची. (वर्धेच्या आणि पैनगंगेच्या त्या कोपऱ्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी या चार भाषा एका बाजारात ऐकू येतात. भाव करताना सगळ्यांना सगळ्या येतात.)

कोळसा पहिल्यांदा कुणाला सापडला, याची आत्याच्या सासऱ्यांजवळ एक गोष्ट होती. कुणी एकानं विहीर खणायला घेतली, पाण्याऐवजी काळा दगड लागला, म्हणून वैतागून तो दगड लोहाराच्या अंगणात टाकला आणि लोहाराच्या भट्टीत तो पेटला. ही गोष्ट मी नंतर वरोऱ्याकडल्या एका म्हाताऱ्याकडूनही ऐकली, तिथे लोहाराऐवजी कुंभार होता. खरी असो नसो, इंग्रजांनी वर्धेच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकातच कोळसा हुडकला होता. नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण चालू झाली आणि १९०६ मध्ये ती बंदही पडली. आत्याचे सासरे त्या खाणीत त्यांचे काका कामाला होते असं सांगत, आणि काका दिव्याची वात कशी कापायचे तेही करून दाखवत.

आमच्या आठवणीतली कॉलरी जमिनीखालची. पाळीचा भोंगा झाला की काळी माणसं वर यायची, आणि आम्ही पोरं त्यांच्यातून आत्याच्या दिराला ओळखायचा खेळ खेळायचो. १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या. पुढे उघड्या खाणींचे दिवस आले. निळजई, मुंगोली, कोलगाव, उकणी ही एरवी ज्वारी-कापसाची गावं खाणींची नावं होऊन बसली. कोळशावरची माती काढून बाजूला टाकतात, तिला तिकडे ‘ओबी’ म्हणतात. त्या ओबीचे डोंगर आता एवढे झालेत की आमच्या गुरुजींच्या नकाशावर ते टाकायला हवेत. आत्याच्या सासरचं शेतही एका खाणीत गेलं. मोबदला आला, घरातल्या एकाला नोकरी लागली. आत्या तेव्हा थकली होती. तिनं शेताचं काही विचारलं नाही. बांधावरच्या चिंचेचं विचारलं, की तोडली का तशीच ढकलली.

ज्या ढेकळाचा वास घेऊन आबाजींनी मुलगी दिली, ते ढेकूळ आता कुठल्याशा ओबीच्या पोटात असेल.

इथे जरा नथीकडे वळतो. वळण लांबचं वाटेल, पण रस्ता त्याच गावाला जातो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापसाला कधी नव्हे असा भाव आला. आमचे पणजोबा बंड्या भरून कापूस यवतमाळच्या जिनात घेऊन गेले आणि त्या साली घरात नथ आली. मुंबईहून मागवली की अमरावतीच्या सराफाकडची, यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ठाम होत्या. मोती मात्र बसऱ्याचे, यावर एकमत. आजी लग्न होऊन आली ती त्याच नथीत. १९३०च्या मंदीत कापूस मातीमोल झाला आणि नथ सावकाराकडे गेली. ती सुटली, असं आजी सांगायची. सुटली नाही, आबाजींनी तिच्या समाधानासाठी तशीच दुसरी आणली, असं मधली आत्या आमच्या कानात सांगायची. आज आमच्या कपाटात जी आहे ती यांतली कोणती, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

बसऱ्याचे म्हटले तरी ते मोती साऱ्या आखातातले. तिथले पाणबुडे उन्हाळ्याचे महिनेच्या महिने होड्यांवर काढत, पायाला दगड बांधून तळाशी जात, शिंपले घेऊन वर येत, आणि त्या मोत्यांचा मोठा बाजार भरे तो आपल्या मुंबईत. अबू धाबीच्या पश्चिमेला समुद्रात दलमा नावाचं बेट आहे, ते अशा होड्यांचं ठाणं होतं. मग जपान्यांनी मोती पिकवायला सुरुवात केली, वरून तीच जगाची मंदी आली, आणि १९३०च्या आसपास आखातातला मोत्यांचा धंदा बसला. म्हणजे आमची नथ सावकाराच्या तिजोरीत होती त्याच काळात ते मोती काढणाऱ्यांच्या घरीही चूल धड पेटत नव्हती.

हे मला कुणी सांगितलं, तर मोठ्या आत्याच्या नातवानं. पोरगा वणीचा, डिप्लोमा करून गेला तो थेट अबू धाबीत, रुवैसला, तेलाच्या कामावर. कोळशाच्या गावातलं पोरगं तेलाच्या गावाला! दर शुक्रवारी फोन करतो. “काका, जेवले का?” हा पहिला प्रश्न, मग मी त्याला तिकडचा भूगोल विचारतो, कारण नवीन मुलूख म्हटला की मला आबाजींसारखीच माती विचाराविशी वाटते.

त्याच्या सांगण्यावरून मला उमजलं ते असं. अबू धाबी नुसतं शहर नव्हे. अमिरातीतल्या सात राज्यांत सर्वांत मोठं राज्य ते, सदुसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपले जवळजवळ पाच यवतमाळ जिल्हे मावतील. देशाची पाचांतल्या चार हिश्शांहून जास्त जमीन एकट्या त्याची. आणि त्याचे भाग तीन. एक राजधानीचा, बेटावरचं शहर आणि भोवतालची खाडी. दुसरा पूर्वेकडे, ओमानच्या सीमेशी, अल ऐन. तिथे हाफीतचा डोंगर, त्याच्या आश्रयानं पाणी, आणि पाण्याच्या आश्रयानं खजुरीच्या बागा. डोंगराकडलं पाणी जमिनीखालच्या पाटानं बागेत आणतात, त्याला फलज म्हणतात. कुणाच्या झाडांना किती वेळ पाणी, याच्या वाटण्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. तिसरा भाग पश्चिमेचा, अल धफ्रा. सर्वांत मोठा आणि माणसांनी सर्वांत विरळ. रिकाम्या वाळवंटाच्या तोंडाशी लिवा नावाची हिरवळ, किनाऱ्याला रुवैस, समुद्रात ते दलमा, आणि वाळूखाली तेल.

मी ऐकत होतो आणि मध्येच म्हटलं, “अरे, ह्या त आपल्या तीन आत्याच झाल्या!”

तो हसला. पण खोटं काय त्यात? एक पाण्याची, एक बाजाराची आणि एक जमिनीखालच्या मालाची. तिथल्या राजघराण्याचं मूळही त्या लिव्याच्या हिरवळीतलं. अठराव्या शतकात त्यांची माणसं अबू धाबीच्या बेटावर गोडं पाणी लागलं म्हणून तिकडे सरकली. त्यांनीही विहीर पाहूनच बिऱ्हाड हलवलं. फरक आहे तो पावसाचा. त्यांच्याकडे वर्षाला शंभर मिलिमीटरसुद्धा पडत नाही. आपल्याकडे एका श्रावणात त्याहून अधिक पडतो आणि तरी चैत्रात हंडे रांगेत लागतात. ह्यावर मी जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

तेल तिकडे सापडलं उशिरा. १९५८ मध्ये समुद्रात, १९६० मध्ये जमिनीवर, आणि पहिलं जहाज भरून गेलं ते १९६२ मध्ये दास नावाच्या बेटावरून. आमच्या खोऱ्यातला कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा. पण तिकडे १९६६ मध्ये शेख झायेद गादीवर आले. त्याआधीची वीस वर्षं ते अल ऐनला कारभार पाहत होते आणि बुजलेले फलज मोकळे करत होते. तेलाच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले ते त्यांच्याच काळात. वणीला कुणी शेख नव्हता. कोळसा देशाचा, असं ठरलं, ते योग्यच. गाड्या भरभरून तो वीजघरांकडे गेला आणि जातो. पण आत्याच्या गावात रात्री वीज गेली की सिगडीच्या उजेडात जेवायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हा काही फार मोठा सिद्धांत नव्हे. ताटातली भाजी कोणती ते दिसत नव्हतं, एवढंच.

पोरगा आणखी एक सांगत होता, ते आबाजींना ऐकायला फार आवडलं असतं. तिथली वयस्क माणसं अजून रुपयाच्या आठवणी काढतात. आखातात आपला रुपया चालायचा! १९५९ मध्ये भारत सरकारनं तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा अबू धाबीनं तो सोडला. एका लिवेकर म्हाताऱ्यानं आमच्या पोराला हिंदीत विचारलं म्हणे, “बंबई में अभी भी आना चलता है?”

दोन नाण्यांची गंमत आमच्या धाकट्या आत्याला चांगली ठाऊक होती. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. आमच्याकडचे लोक त्याला मोगलाई म्हणत. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली. माहूरच्या रेणुकेला जायचं तर नदी ओलांडायची, धनोड्याला नाव धरायची. आत्याच्या सासूच्या पदराला दोन गाठी असत, एकीत कलदार आणि एकीत हाली. देवीपुढे कोणती गाठ सोडायची यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं दरसाल वाजायचं. तिचं म्हणणं, देवी मोगलाईत बसली आहे तर तिला तिथलंच नाणं द्यावं. तो म्हणे, देवीला काय कमी द्यायचं? मला सासूचंच पटतं.

तो काठ सुपीक. हळद, ऊस, केळी. आमच्याकडे भाकरीबरोबर ठेचा नि जवसाची चटणी, तर आत्याकडे वांग्याची भाजी आणि पळसाच्या पानांत भाजलेले पानगे, वर तुपाची धार. जेवण आटोपल्यावर गूळ. १९४८ साली मात्र तिच्या घरी पानगे झाले नाहीत, नुसत्या भाकरी झाल्या, किती त्याला गणती नाही. रझाकारांच्या भीतीनं पलीकडची माणसं बायकापोरांसह नदी ओलांडून येत होती. मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचे तळही अलीकडे पडले होते. आत्या तेव्हा नवी सून. पीठ संपलं की शेजारून पायलीनं आणायचं आणि उजाडायच्या आत जात्यावर बसायचं. रात्री दार वाजलं की सासरे आधी “कोण?” न विचारता “किती?” विचारायचे. सप्टेंबरात फौज शिरली, १७ तारखेला हैदराबाद शरण आलं, आणि माणसं परत गेली. त्यांतल्या एका घरून पुढे बरीच वर्षं दसऱ्याला सीताफळांची टोपली यायची. ते घर किनवटचं की हदगावचं, हे आता आठवत नाही. सीताफळं मोठी असायची, हे नक्की आठवतं.

पुसदचं आबाजींना कौतुक होतं ते एका कारणानं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी तिथल्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. अणे मूळचे वणीचे, वकिली यवतमाळला, सत्याग्रह पुसदला. आबाजींच्या मते अख्खा जिल्हा एका माणसात मावलेला तो एवढाच. मीही गेलो होतो, असं ते सांगत. आजी मागून हातानं ‘नाही’ अशी खूण करायची.

मधल्या आत्याकडे जायला रेल्वे होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, एकशे तेरा किलोमीटरची नॅरोगेज; लोक तिला शकुंतला म्हणत. किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीनं ती घातली कापसासाठी. माणसं बसायची ती कापसाच्या कृपेनं. लासिना, लाडखेड, मग दारव्हा मोतीबाग. इंजिन १९२१ चं, मँचेस्टरमध्ये बनलेलं. आमचा कापूस जिथे जायचा तिथूनच त्याला ओढणारं इंजिन आलं होतं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. आत्या माहेरी येताना ट्रंकेवर बसून यायची, बाकावर जागा असली तरी. बाकावर बसलं की झोप लागते आणि ट्रंक जाते, असं तिचं शास्त्र.

दारव्हा, दिग्रस, आर्णी हा बंजाऱ्यांच्या तांड्यांचा मुलूख. आत्याची मैत्रीण तांड्यातली होती. आरशांची कांचोळी घालून ती दळायला बसली की भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचायचे. आगगाडीच्या आधी मीठ यायचं ते लमाणांच्या बैलांवर, हे आजी फार आदरानं सांगायची. मीठ आणणाऱ्याचा अपमान करायचा नसतो. पुढे त्याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. आजीला वाटे, त्यांना एकदा घरी जेवायला बोलवावं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली, अमेरिकेची लाल ज्वारी, तेव्हा मात्र ती म्हणाली, “आता नको बोलावू. ह्या भाकरी कशा वाढाव त्याईले?”

त्याच वर्षांत सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. दारव्ह्याच्या आत्याचे यजमान खरेदी केंद्राबाहेर बंडीखाली झोपून रात्री काढायचे. पांढरं सोनं म्हणतात कापसाला. आबाजी कधी म्हणाले नाहीत. १९ मार्च १९८६ ला आमच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको-मुलांसह जीव दिला. आबाजी तेव्हा गेलेले होते. आजी होती. बातमी ऐकून तिनं त्या दिवशी स्वतःचं ताट उचलून ठेवलं. आता दरवर्षी त्या तारखेला पुष्कळ लोक उपास करतात. आजीला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिला पांढरकवडा, घाटंजी, मारेगावकडचा जंगलपट्टा. तिथे आमची सोयरिक नव्हती, म्हणून आमच्या घरच्या भूगोलात तो भाग मोकळाच. कोलामांची पोडं, सागाची रानं, मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया, एवढं ऐकून. १८१८च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांनी तिकडेच दाणादाण उडवली. आबाजींच्या आजोबांच्या वडिलांनी पळणाऱ्या एका घोडेस्वाराला पाणी पाजलं होतं, अशी आमच्या घरची आख्यायिका. वर्षांचा हिशेब जमतो, पण तसा तो प्रत्येकाच्या घरी जमतो. आता तो पट्टा टिपेश्वरच्या वाघांमुळे माहीत आहे. तिथला एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. मैलोगणती गेला. आजी असती तर म्हणाली असती, त्याच्याही पोरीची सोयरिक पाहायला निघाला असेल.

तिन्ही आत्या आता नाहीत. शकुंतलाही यवतमाळहून सुटत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून आमच्या कळंबपर्यंत मोठी रेल्वे आली, तेव्हा स्टेशनवर आम्ही सगळे म्हातारे नवे कपडे घालून गेलो होतो. अबू धाबीचा पोरगा दिवाळीत येतो, जाताना जवसाची चटणी, तिखट आणि राजूरकडच्या कुण्या मित्रासाठी पापड घेऊन जातो. वाळवंटात आंबाडी रुजते का, म्हणून त्यानं मागच्या खेपेला बी नेलं. उगवली म्हणाला; पण आंबटपणा कमी आहे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. वर्धा आणि पैनगंगा, मोठ्या आणि धाकट्या आत्यांच्या नद्या, शेवटी भेटतात त्या वणी तालुक्यातल्या जुगादजवळ. अलीकडे जुगाद, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं वढा. कार्तिक पौर्णिमेला वढ्याला मोठी यात्रा भरते, विदर्भाची पंढरी म्हणतात तिला. जमलं तर तेव्हा जा. पावसाळ्यात नको, काठ निसरडा असतो. डबा घरूनच न्या, आणि घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवा. रस्त्यात कोणतं गाव कुणाच्या सोयरिकीतलं, ते त्यांनाच ठाऊक असतं.